नवऱ्यासाठीचं प्रतिज्ञापत्र

मला अक्षरओळख पत्रकांवर झाली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दिवसा शाळा, संध्याकाळी पत्रकं. आमच्या वस्तीच्या पाण्याचं पत्रक, स्मशानभूमीच्या रस्त्याचं पत्रक, शिष्यवृत्तीचे अर्ज दाबून ठेवणाऱ्या मुख्याध्यापकाचं पत्रक. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले, आणि पाढे पाठ होण्याआधी दादांचा नियम पाठ झाला. जो कागद वालूरच्या चौकात उभं राहून मोठ्यानं वाचता येणार नाही, त्यावर सही करायची नाही.

या नियमानं आम्हाला ताठ ठेवलं. माझ्या नवऱ्याचा डावा कान गेला तोही या नियमापायी, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं. कान गेला तो माझ्यापायी.

नवरा नेपाळचा. मी हैदराबादला शिकत होते तेव्हा तो तिथल्या एका छापखान्यात बांधणीचं काम करायचा. एका मोर्चाची पत्रकं छापून घ्यायला गेले आणि तीन तास थांबावं लागलं, तेवढ्यात ओळख झाली. पुढे मला जिंतूरच्या एका खासगी संस्थेच्या कार्यालयात नोकरी लागली. आई गेल्यापासून दादा वालूरला एकटेच होते. तेव्हा तोच म्हणाला, "मी येतो की तुझ्याकडे." परभणीला नोंदणी विवाह केला आणि तो एक पेटी, दोन दाभणं आणि नागरिकत्वाचा कागद घेऊन आमच्या घरी राहायला आला.

गावानं त्याला आठवड्याभरात 'बहादूर' करून टाकलं. पानटपरीवरून कुणीतरी रोज विचारायचं, "काय दाजी, चायनीजची गाडी कधी टाकायलाव?" तो शांतपणे सांगायचा, "तुमी उधारी मागणार न्हाईत, त्या दिवशी." मराठी तो असा टपरीवर शिकला. मला राग यायचा, मी त्यावर लिहायलाही बसायचे. तो म्हणायचा, "राहू दे, लय पत्रकं झाली."

काम मात्र त्याला मिळेना. बांधणीचं दुकान ना जिंतूरला ना सेलूला. घरात तोच स्वयंपाक करायचा, पाणी भरायचा, दादांच्या गोळ्या वेळेवर द्यायचा. मी सकाळच्या एसटीनं जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे.

लग्नाचं कळल्यावर आमच्या कार्यालयातल्या आस्थापनेच्या बाबूंनी मला बोलावलं. निवृत्तीला आलेले, सगळ्यांच्या रजा तोंडपाठ असलेले गृहस्थ.

"ताई, मिस्टरांचं नाव विम्यात टाकून घ्या. लग्नापासून महिन्याच्या आत टाकावं लागतं. चुकलं की मग पुढच्या नूतनीकरणालाच."

संस्थेचा गट आरोग्य विमा होता. नवऱ्याकडे इथलं रेशनकार्ड नव्हतं, त्यामुळे सरकारी योजनेचा दरवाजा बंद होता. उघडा होता तो हाच. बाबूंनी दोन कागद पुढे केले. एकावर विवाहाचा तपशील. दुसरा प्रतिज्ञापत्राचा छापील नमुना होता: महिला कर्मचाऱ्याचा पती बेरोजगार असून उदरनिर्वाहासाठी सर्वस्वी पत्नीवर अवलंबून आहे. खाली माझी सही, त्याची सही आणि सरपंचाचा दाखला.

"तुमच्या मिसेसचं नाव टाकलं तेव्हा तुम्ही हे लिहून दिलं होतं का?" मी विचारलं.

"न्हाई बा. बायकोला धरतातच."

"मग नवऱ्याला का नाही धरत?"

"गडीमाणूस म्हणल्यावर कमवत असणार, असं गृहीत हाय ते." मग आवाज उतरवून म्हणाले, "आता तुमचे मिस्टर काय करतात?"

"सध्या काही नाही."

"मग खरंच तर लिहायचंय! करा सही न् व्हा मोकळ्या. मी पस्तीस वर्षं सह्या करायलोय, एक कागद वाचलो न्हाई."

कागद मी घरी आणला. दादांनी चष्मा पुसून दोनदा वाचला.

"सर्वस्वी अवलंबून! आन् दाखला कुणाचा, सरपंचाचा? आपल्या घरात कोण कुणाचं खातंय ते सरपंच सांगणार?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "चौकात वाचशील का हे?"

"नाही."

"मिटलं मग."

नवरा तव्यावरची भाकरी उलटत होता. मागे न बघताच म्हणाला, "मी करतो सही. खरंच हाय ना. तुमचंच खातो."

आम्ही दोघं हसलो. तोही हसला. त्याच्या डाव्या कानात कापसाचा बोळा होता. थंडीचे दिवस होते आणि वालूरची थंडी आपल्याला झोंबते, असं तो म्हणायचा. डोंगरातल्या माणसाला वालूरची थंडी कशी झोंबेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी मनातल्या मनात निवेदनाचं पहिलं वाक्य जुळवत होते.

निवेदन चांगलं झालं. बाईची कमाई ही घरातली वरकड आणि पुरुषाची कमाई म्हणजे घर, असं मानणारा हा नमुना आहे. तो रद्द करा, अशी मागणी होती. कार्यालयातल्या अकरा जणींनी सह्या केल्या. उत्तर आलं नाही, तेव्हा मी पत्रक काढलं. जेवणाच्या सुट्टीत ते वाटलं. संस्थेच्या अध्यक्षांनी भेटीची वेळ दिली, ती नेमकी महिन्याची मुदत संपते त्याच्या दुसऱ्या दिवसाची. बाबू रोज माझ्या टेबलाशी येऊन जायचे. "ताई, आठ दिवस राहिले." "ताई, चार."

आता उशीची गोष्ट.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी अंथरूण काढत होते. तो बाहेर पाणी भरत होता. त्याच्या उशीच्या अभ्र्यावर पिवळट, ओलसर डाग होता. एक नव्हे, एकावर एक वाळलेले तीन-चार. मी वाकले तर वास आला. आदल्या आठवड्यात तो झोपेत कान दाबून धरत होता तेही मी पाहिलं होतं. एका क्षणात सगळं ध्यानात आलं: थंडी नाही, कान वाहतोय, आणि बऱ्याच दिवसांपासून वाहतोय. तो सांगत नाहीये, कारण सांगितलं तर मला सही करावी लागेल.

आणि मी विचारलं तर तो सांगेल. सरळ विचारलं तर तो खोटं बोलत नाही. मग आज पाच वाजता मी त्या कागदावर सही करीन, आणि उद्या अकरा जणींना घेऊन अध्यक्षांसमोर कोणत्या तोंडानं उभी राहीन?

मी उशी उलटी केली. कोरडी बाजू वर आली. वर चादर ओढली आणि एसटी पकडली.

त्या संध्याकाळी बाबू कपाट बंद न करता साडेपाचपर्यंत बसून होते. "नुसती सही करा. भांडायचं ते उद्या भांडा की. मी काय भांडू नका म्हणलो का?" मी म्हटलं, "काका, सही करून भांडता येत नाही." केवढं ठासून म्हटलं मी ते! परतीच्या एसटीत मला स्वतःचा अभिमान वाटत होता. उशी आठवली की मी खिडकीबाहेर बघायचे.

अध्यक्ष म्हणाले, विचार करू. विचार नूतनीकरणापर्यंत चालला.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याला थेंब दिले आणि कानाच्या डॉक्टरला दाखवून तपासणी करून घ्या, म्हणाले. हे त्यानं मला मुदत टळून गेल्यावर सांगितलं. मी तेव्हाही "जाऊ या" म्हणाले नाही असं नाही. म्हणाले, पण म्हणायचं म्हणून म्हणाले. तो म्हणायचा, "विम्याचं कार्ड येऊ दे, मग जाऊ." मी म्हणायचे, "येईलच." उन्हाळ्यात एक दिवस पाण्याची घागर उचलताना त्याला भोवळ आली. तो हापशाच्या चौथऱ्यावर पडला. ताप होता. दादांनी शेजाऱ्याची गाडी काढून त्याला परभणीला नेलं आणि मी जिंतूरहून थेट तिथे गेले. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. कानाच्या पडद्यामागं हाड कुरतडलं गेलंय, म्हणाले, आणि जालन्याच्या शल्यचिकित्सकांच्या नावे चिठ्ठी दिली.

देवगाव फाट्यावर आम्ही जालन्याच्या गाडीची वाट बघत होतो. तो माझ्या खांद्याला टेकून बसला होता, कानावर पट्टी. अचानक म्हणाला, "ते प्रतिज्ञापत्र हाय का तुझ्या पिशवीत?"

"कशाला?"

"काही न्हाई. गाडी येईपर्यंत वाचलो असतो."

पैसे उभे राहिले. ते कसे राहिले ती गोष्ट वेगळी, त्यात मला काही टोचत नाही. टोचतं ते ऑपरेशननंतर डॉक्टर बोलले ते. "रोग काढलाय. पण या कानानं ऐकू येणार नाही. सहा-सात महिने आधी आणलं असतं तर कदाचित वाचलं असतं. नक्की असं सांगत नाही, पण संधी होती." मग त्यांनी मला विचारलं, "कान वाहतोय हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

नवऱ्यानं पलंगावरून उत्तर दिलं, "मी लपवलो होतो, सर."

तो माझी बाजू घेत होता आणि मी ती घेऊ दिली.

पुढच्या नूतनीकरणाला ते प्रतिज्ञापत्र रद्द झालं. खरोखर झालं. नमुन्यात आता फक्त 'जोडीदार' असा रकाना आहे आणि सोबत विवाहाचा दाखला लागतो. माझ्या नवऱ्याचं नाव त्यात एका ओळीत बसलं. नव्यानं लागलेल्या एका मुलीच्या नवऱ्याचं मुतखड्याचं ऑपरेशन त्या विम्यातून झालं. ती पेढे घेऊन आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वरच्यावर धरलं. बाबू निवृत्त होऊन गेले होते. ते असते तर त्यांच्या डोळ्याला डोळा मला देता आला नसता.

पेढे घरी आणले. दादा हरखले. "याचं पत्रक निघालं पाहिजे! लिही, मी सांगतो." त्यांनी पहिली ओळ सांगितली: एकजुटीपुढे अन्यायी अट झुकली. मी लिहिली. दुसरी ओळ लिहवेना.

नवरा अंगणात दादांची जुनी पत्रकं बांधत बसला होता. वर्षावर्षाचे गठ्ठे करून, दाभणानं भोकं पाडून, दोरा ओवून तो त्यांचे खंड करत होता. मी जाऊन त्याच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. डाग, वास, उशी. सांगून झालं तरी तो दोरा ओढतच होता. मी डाव्या बाजूला बसले होते. हळू आवाजात बोलले होते. ते ठरवून केलं होतं का, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर आलं, हो.

उठले, त्याच्या उजव्या हाताला येऊन बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

त्याचा हात थांबला. "उशी उलटी केलीस?"

"हो."

"मला वाटायचं, मी लय भारी लपवलो." तो थोडं हसला, मग ते हसू गेलं. "एक सांग. कागद कुणावर होता?"

"तुझ्यावर."

"अवलंबून कोण होतं?"

मी दोऱ्याचं सुटं टोक बोटाला गुंडाळलं.

"मी होतो. मला लाज वाटत न्हवती. हैदराबादला मी मालकाच्या दुकानात झोपायचो, कुणाकुणाच्या ताटात जेवलो. तुझं खाताना मला कधी काही वाटलं न्हाई. तुमी दोघं बसलात आन् माझी लाज तुमीच ठरवलात. मी भाकरी करत होतो तिथंच. मला कुणी विचारलं?"

"तू म्हणालास, सही करतो..."

"आन् तुमी हसलात."

त्यानं दाभण गठ्ठ्यात खोचून ठेवलं आणि चपला घालून चौकाकडे निघून गेला. आतून दादा ओरडले, "झालं का गं लिहून?" मी म्हटलं, "लिहायलेय." आणि खरंच लिहायला बसले, पण दादांनी सांगितलेलं नाही. आजवर मी बायांच्या वतीनं, वस्तीच्या वतीनं, अकरा जणींच्या वतीनं लिहिलं. ज्याच्यासाठी भांडले त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं, कारण पत्रकात तो मला हवा होता तसाच बसत होता: एक उदाहरण म्हणून.

हा तो कागद. चौकात वाचायचं धैर्य अजून आलेलं नाही. दादांना उद्या दाखवणार आहे. नवऱ्याला आज वाचून दाखवला, उजव्या बाजूला बसून. त्यानं दोन दुरुस्त्या सांगितल्या. पहिली, टपरीवरचं त्याचं उत्तर मी चुकीचं लिहिलं होतं, ते त्यानं नीट करून दिलं. दुसरी दुरुस्ती शेवटाची. मी शेवटी लिहिलं होतं की रात्री जेवताना त्यानं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि मला माफ केलं.

"भाकरी वाढलो ते राहू दे," तो म्हणाला. "पुढचं काढ. ते मी अजून म्हणलो न्हाई."

काढलं.