एकाच पैशावर दोनदा कर

माझी फजिती ऐकायची असेल, तर आधी तो चहाचा कप खाली ठेवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

दोहात येऊन मला छत्तीस वर्षं झाली. इंजिनिअरिंगचा शेवटचा पेपर दिला आणि जो इकडे आलो, तो इथलाच झालो. आता मार्चमध्ये रिटायर होणार. हल्ली संध्याकाळी अल अझीझियातल्या आमच्या गॅलरीत बसलो, की मला समोरचे व्हिला दिसतच नाहीत. दिसतं ते नाशिक. गुलाबी थंडी, गंगापूर रोडवरून रमतगमत चाललेलो मी, कोपऱ्यावर वाफाळती मिसळ. आतून बायको, म्हणजे सुनंदा, हाका मारत असते आणि मी मिसळीवर लिंबू पिळत असतो.

त्या दिवशीही असाच नाशिकला होतो आणि फोन वाजला. शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, की आयकर रद्द करा आणि सगळी भरपाई खरेदीवरच्या करातून करा. नुसती कुणाची तरी सूचना हो. पण मला तेवढं भान कुठलं? खाली निवृत्तांबद्दल दोन ओळी होत्या, त्या थेट काळजात घुसल्या. कमावताना आयकर भरून जो पैसा साठवला, तोच म्हातारपणी खर्च करताना पुन्हा कर. एकाच पैशावर दोनदा!

झालं, माझं नाशिक बघता बघता बिघडलं. मिसळवाला कर मागायला लागला. जादा पाव घेतला, तर त्यावर वेगळा.

"सुनंदा, आपण जायचं नाही," मी आत जाऊन म्हणालो.

ती नाशिकला न्यायच्या साड्या बाजूला काढत होती. "कुठे जायचं नाही?"

"नाशिकला. तिकडे आपल्याला लुटायला बसलेत. मी दोन वर्षं वाढवून मागतो."

तिचा चेहरा पडला. 'पुढच्या वर्षी नक्की जाऊ' हे ती किती वर्षं ऐकत होती. मला वाईट वाटलं, पण अन्याय म्हणजे अन्याय. त्याच तंद्रीत मी एचआरला मेल टाकून मोकळा झालो.

शुक्रवारी घरी पोह्यांना चार मराठी मंडळी जमली आणि माझं भाषण सुरू झालं. "उभं आयुष्य इमानेइतबारे कर भरणाऱ्या माणसाची हीच का किंमत?" एकाने पोह्यांची प्लेट खाली ठेवली. आता कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येणार असं वाटलं, बहुधा माझ्याच.

आमच्या कंपनीतले ड्रायव्हर, साताऱ्याचे जाधव, मन लावून ऐकत होते. त्यांनी अदबीनं विचारलं, "सायेब, मला त्यातलं लई कळत न्हाई. पर हितं पगारावर कर न्हाई, आन् तुम्ही पयल्यापास्नं हितंच. मग त्यो आयकर तुम्ही भरला कुठं?"

मी मनातल्या मनात छत्तीस वर्षं चाळली. आयकराची एकही पावती सापडली नाही.

"मी आपलं... तत्त्वाची गोष्ट करत होतो," मी म्हणालो.

सुनंदानं माझा फोन आणून माझ्या हातात दिला. "एचआरला कळवा, मार्चला आम्ही निघतोय, खलास. अहो, जन्मात एकदाही भरला नाहीत. दोनदाचं राहू द्या, जाऊन एकदा तरी भरा."