टेकलेला पाय

बायकोचा ताप उतरेना तेव्हा डॉक्टर म्हणाले, औषध चालू आहे, आता वाट बघायची. नेमकं तेच मला जमत नाही. बार्शीच्या गिरणीत रात्रपाळी करायची, दिवसा तिच्या उशाशी बसायचं आणि मनातल्या मनात देवाशी भांडायचं, असं चाललं होतं. देव आहे तरी का, इथपर्यंत मजल गेली होती. तरीही नवस बोललोच. त्याच आठवड्यात गावच्या मैदानात एक जण जमिनीला पाय न लावता रात्रंदिवस सायकल चालवत होता आणि लोक त्याला हार घालत होते. माझ्या डोक्यात तेच भूत शिरलं. डोंगरावरच्या महादेवाला मी शब्द दिला, पायथ्यापासून तुझ्या दारापर्यंत सायकलवर येईन, मध्ये कुठंही पाय टेकणार नाही, तेवढं हिला उठव.

एका सकाळी पाळी सुटल्यावर सासूबाईंना तिच्याजवळ बसवून निघालो. त्या डोंगराला वाट कसली, पावसानं उकरलेली घळ होती. लाल मुरूम, सुटे गोटे, मध्येच पायरीएवढे खडक. माझी सायकल दुधाच्या किटल्या वाहण्याच्या लायकीची, जड. सीट सोडून उभ्यानं पायडल मारत होतो तरी मागचं चाक मुरमात नुसतंच फिरायचं. एका वळणावर पायडल घोट्यावर असं बसलं की डोळ्यांपुढे अंधारी आली, पण हातानं घळीच्या कडेला रेटा देऊन तोल सावरला. पोटात चहाशिवाय काही नव्हतं, डोळ्यांवर झोप होती. खरं सांगायचं तर निम्म्या वाटेवर मी देवालाही विसरलो आणि बायकोलाही. ध्यानात फक्त पाय उरला होता.

देऊळ दिसलं आणि शेवटच्या चढावर पुढचं चाक दोन दगडांत अडकलं. सायकल कलली. आता पाय टेकला की बायको गेली, असं वाटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी कॅरिअर घट्ट धरलं. शेळ्या घेऊन उतरणारी एक म्हातारी होती. धापा टाकत मी तिला नवस सांगितला, मावशी, अशीच वर ढकल म्हणून विनवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पण ढकललं नाही.

“लेकरा, त्याच्या दारात समदी खाली उतरूनच जात्यात की,” ती म्हणाली. “टेक पाय. मी धरलीया सायकल.”

मी पाय टेकला आणि ढसाढसा रडलो. तिनं पाणी पाजलं आणि सायकल धरून ती देवळापर्यंत माझ्यासोबत चालली. आत गेल्यावर मागायला काही सुचेना. आता तूच बघ, एवढंच म्हणालो आणि थंड फरशीवर कधी झोप लागली कळलं नाही. जाग आली तेव्हा सायकल भिंतीला नीट लावलेली होती, म्हातारी निघून गेली होती.

घरी ताप तसाच होता. नवस मोडल्याचं बायकोला भीत भीत सांगितलं. ती आपल्या तापलेल्या हातानं माझा सुजलेला घोटा चोळायला लागली.

“बरं झालं उतरलात,” ती म्हणाली. “आता कुटं जाऊ नगा. माझ्यापाशी बसा.”

मी बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काही न मागता बसलो. ताप पुढं त्याच्या गतीनं उतरला, तो कशानं हे मी कुणाला पटवत बसत नाही. ती म्हातारी कोण होती, तेही शोधलं नाही. आजही हातून काही होण्यासारखं उरत नाही तेव्हा मी मुकाट्यानं पाय टेकतो आणि म्हणतो, तू धरलंयस ना, मग झालं.