परत बोलावण्याचा हक्क

आमच्या घरात वर्तमानपत्र एक आणि पत्रकं अनेक. बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली. डिचोलीच्या खाणींचे ट्रक भरधाव धावायचे त्या काळात ‘ब्रेक तपासल्याशिवाय ट्रक रस्त्यावर आणू नका’ हे त्यांचं पत्रक तालुकाभर वाटलं गेलं. मी अक्षरं गिरवली ती त्याच्याच पाठच्या कोऱ्या बाजूवर. पंचायतीचा पंच निवडून आला आणि दिसेनासा झाला की ‘निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्क’ हे दुसरं पत्रक. त्याच्या उरलेल्या प्रतींवर आई बांगडे साफ करायची. मी जे काही तत्त्वनिष्ठ वगैरे आहे, ते या कागदांमुळे. त्याला थोडा बांगड्याचा वास येतो, तो त्यामुळेच.

अशा माणसाने गेल्या वर्षी जुनी गाडी घेतली, आणि ती तपासली देवळात.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आमच्या चोपड्याहून म्हापशाला आठवड्यातून दोनदा व्यायामाला जायचं, आणि बसमध्ये तिला पाय वाकवता येत नव्हता. म्हणून गाडी. विकणारा डिचोलीचा, एकेकाळचा ट्रकमालक. बाबांनी पूर्वी त्याच्याविरुद्धही पत्रक काढलेलं, त्यामुळे ओळख जुनी. बाबांनी इंजिन बघितलं नाही, टायर बघितले नाहीत. ग्रामदेवतेला प्रसाद लावला. भटजींनी मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, बाबांनी हात जोडून ‘ही गाडी घेऊ काय?’ विचारलं, आणि उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे होय. गाडी घरी आली, पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं. पुढच्या डाव्या सीटसमोर, डॅशबोर्डवर, बाबांनी पितळेचा गणपती पक्क्या गोंदाने चिकटवला. सीट पूर्ण मागे सरकवून आई त्याच्यासमोर पाय लांब करून बसायला लागली.

ऑफिसातल्या एकीने मला सांगितलं की कंपन्या गाड्यांत दोष सापडला की त्या परत बोलावतात, त्याला रिकॉल म्हणतात, आणि गाडीचा चासी नंबर त्यांच्या वेबसाइटवर घातला की कळतं. कागदपत्रं नावावर करायला एजंटाकडे गेली होती. पण तो नंबर गाडीवरही कोरलेला असतो. आमच्या गाडीत तो होता आईच्याच सीटखाली, गालिच्याच्या एका झडपेमागे. मी पालथी पडून टॉर्चने तो उतरवून घेतला आणि वेबसाइटवर घातला. गाडी सापडत नाही, असं उत्तर आलं. बाबा प्रसन्न झाले. मग मला कळलं, शून्याच्या जागी मी इंग्रजी ओ घातला होता. दुसऱ्यांदा उत्तर आलं: रिकॉल बाकी आहे. पुढच्या डाव्या बाजूची एअरबॅग. उघडताना तिच्यातला धातूचा भाग फुटून समोर बसलेल्याला लागू शकतो.

समोर बसलेली म्हणजे आमची आई.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी त्यातला एकच शब्द ऐकला.

“रिकॉल म्हणजे गाडी न्हेतले.”

नेणार नाहीत, भाग बदलून देतील, तोही फुकट, असं मी समजावलं. कंपनी कधी फुकट देते काय, असं त्यांनी विचारलं. या प्रश्नावर त्यांचीच चार पत्रकं मला पाठ होती, त्यामुळे माझी पंचाईत झाली.

“परत बोलावणा म्हणजे घरी धाडणा,” ते म्हणाले. “माका शिकवू नको गो, ता पत्रक मीच लिवलंय.”

त्यांच्या पत्रकामुळे एकही पंच आजवर घरी गेलेला नाही, हे मी बोलले नाही. मला तेवढी रीत आहे. मी डिचोलीच्या त्या गृहस्थाला फोन केला. तो अगदी मोकळेपणाने म्हणाला, मेसेज यायचे की, मला वाटलं जाहिरात. आणि एवढ्या वर्षांत काही झालं का? खाणीवर ब्रेक न लागलेल्या ट्रकबद्दलही त्याने पूर्वी हेच उत्तर दिलं होतं. माणूस सातत्याचा आहे.

बाबांचा शेवटचा आधार देव. पाकळी उजवी पडली होती, म्हणजे गाडीत दोष असणं शक्यच नव्हतं. ट्रकवाल्यांना ब्रेक तपासायला सांगताना हा मार्ग त्यांनी का सुचवला नव्हता, हे मी विचारणारच होते. पण तोवर आई काठी टेकत गाडीपाशी गेली. व्यायामाचा दिवस होता. तिने मागचं दार उघडलं.

“देवान गाडी घे म्हणान सांगल्यान,” ती म्हणाली. “तपासू नको म्हणान कधी सांगल्यान?”

आणि ती मागे आडवी बसली, पाय सीटवर, पाठ दाराला टेकून. वाटेत शिवोलीच्या पुलावर सांध्यावरून गाडी उडाली तेव्हा तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. बाबांनी आरशात बघितलं. पुढे पितळेचा गणपती आणि रिकामी सीट. परत येताना त्यांनी पुलाआधीच गाडी इतकी हळू केली की मागची टँकरवाल्यांची रांग आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर फोन ठेवला. लाव, म्हणाले.

भाग यायला पाच आठवडे लागले. तोवर पुढच्या सीटवर कुणाला बसवू नका, असं वर्कशॉपवाल्याने बजावलं. आई दर खेपेला मागे, दर खेपेला तोच पूल. गावात बातमी पसरली की आमच्या घरात नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे. बाबांनी खुलासा केला नाही. ज्या माणसाने सरकारकडे आयुष्यभर खुलासे मागितले, त्याला स्वतःचा देताना त्रास होतो, एवढं मला समजलं.

म्हापशाच्या वर्कशॉपात मेकॅनिकने आधी गणपती काढला. बॅग उघडली तर हाच पहिला तोंडावर येईल, काका, असं तो आदबीने म्हणाला. बाबांनी मूर्ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. तासाभराने काम झालं. बाबांनी जुना भाग मागितला, पत्रकवाल्याला पुरावा लागतो. मेकॅनिक म्हणाला, तो कंपनीला परत द्यावा लागतो. परत बोलावलाय तोच.

बाबा त्या मुठीएवढ्या लोखंडाकडे बघत राहिले.

येताना आई पुढे बसली, सीट मागे सारली आणि पाय लांब केला. पुलावर गाडी उडाली तेव्हा ती झोपलेली होती. मागे बसून मी, बाबांनी निघताना माझ्या पुढ्यात टाकलेला कोरा कागद सरळ करत होते.

“लिव,” ते हळू आवाजात म्हणाले. “ग्रामस्थहो. आमच्या असे निदर्शनास आले आहे की...”

आमच्या, म्हणे. मी लिहून घेतलं. आईची झोप मोडू नये म्हणून वाद घरी गेल्यावर घालायचं ठरवलं.