लामाराच्या घरची पाहुणी

जॉर्जियातल्या कुताइसी शहरात मैत्रिणीचं घर असताना हॉटेलात उतरणं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकणं. म्हणून झुगदिदी गावची भूगोलाची मास्तरीण एतेरी बुद्धिबळ स्पर्धेचे आठही दिवस लामाराच्या दोन खोल्यांत राहिली. आणि काल संध्याकाळी शेवटच्या फेरीच्या जोड्या लागल्या तर काय, एतेरी विरुद्ध लामारा! घ्या आता!

एतेरीला जिंकायलाच हवं होतं. जिंकली तर मास्टर हा किताब. एकवीस वर्षं ती त्याच्यामागे लागली होती. बावन्नाव्या वर्षी पुन्हा संधी कुठून यायची?

"मी दुसरीकडे जाते," ती म्हणाली.

"जाऊन तर बघ! गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवणार आहेस का माझी?" लामाराने तिला चांगली खोली दिली, घरातला एकुलता एक पटही दिला, आणि स्वतः स्वयंपाकघराचं दार लोटून बसली.

सकाळपासून एतेरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. सामन्याच्या दिवशी नदीकाठी चाळीस मिनिटं चालायचं, हलकं खायचं, मग डोळे मिटून पहिल्या पंधरा खेळ्या मनात खेळायच्या, हा तिचा नेम. आज ती दोनदा चालून आली, गुडघे तेवढे दुखायला लागले. डोळे मिटले की सातव्या खेळीलाच स्वयंपाकघरातली भांडी वाजत. त्यात लामारा दर अर्ध्या तासाने चीज भरलेली गरम रोटी, खाचापुरी, आणून ठेवी. "खा गं, नुसत्या पाण्यावर डोकं चालतं होय?" मेली मुद्दाम सुस्त करतेय की काय मला? असं मनात आलं आणि एतेरीला स्वतःचीच लाज वाटली.

एक वाजता लामारा पाव आणायला खाली गेली. एतेरी पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरली आणि थबकली. टेबलावरच्या चौकड्यांच्या कापडावर डाव मांडला होता. राजम्याचे दाणे म्हणजे प्यादी, लसणाच्या पाकळ्या म्हणजे घोडे, अक्रोड म्हणजे वजीर. एतेरीचीच नेहमीची सुरुवात! आणि काळ्याच्या, म्हणजे लामाराच्या, एका घोड्याने तिचा वजीर साफ कोंडला होता. आज ती डोळे झाकून त्यात जाऊन पडली असती.

कोणी पाहिलं नव्हतं. एक खेळी बदलली की किताब खिशात. ती खोलीत आली, बसली, उठली, परत बसली. खाचापुरीचा तुकडा तोंडात घोळत राहिला, गिळवेना. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे?

लामारा दारात दिसताच ती बोलून मोकळी झाली. "तुझा टेबलावरचा डाव बघितला मी. वजीर कोंडतेस तो. बदल."

लामाराचा चेहरा लालबुंद झाला. "रात्रभर जागले गं मी त्याच्यासाठी!"

"ठाऊक आहे."

"या घरात तू पाहुणी आहेस, म्हणून गप्प बसते." लामाराने पाव टेबलावर आदळला, मोठा तुकडा मोडून तिच्या हातात कोंबला. "तीन वाजता पटावर ये, मग दाखवते तुला! आणि खा आधी. उपाशी हरलीस तर लोक मला नावं ठेवतील."