सिस्टर होण्याचं मायलेज

आमच्या दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये पेनांची टोपणं जमतात आणि माझ्याकडे हे किस्से. कोणी मुद्दाम ठेवत नाही, पण आवरायला घेतलं की मूठभर निघतात! मी शहापुरात एका खासगी दवाखान्यात सिस्टर आहे. तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, करून लागले. तेव्हापासून पेशंटना स्वतःच्या दुखण्यापेक्षा माझ्या खर्चाची आणि पगाराची काळजी जास्त.

परवाचेच एक आजोबा. मी सलाइनसाठी शीर शोधतेय आणि हे विचारतात, "बाई, ह्ये शिकायला किती लागलं?"

"वर्षाला लाखभर. हॉस्टेल वेगळं."

"आनि पगार?"

मी सांगितला. आजोबांनी हात मागे ओढून घेतला.

"एवढाच? मंग शीर डॉक्टरलाच शोधू द्या!"

* * *

आमच्याकडे कमलमावशी आया आहे, सापगावची. तिची मुलगी ज्योती बारावी सायन्स झाली आणि जीएनएमच करणार म्हणून अडून बसली. मुरबाडच्या एका कॉलेजात नंबरही लागला. मावशी फरशी पुसता पुसता मला म्हणाली, "सिस्टर, वीस वर्सं मी ही फरशी पुसतेय. माज्या पोरीनं पांढरे बूट घालून हिच्यावरून चालावं, बस."

मी म्हटलं, "ओली असताना नको हां!"

अडचण एकच होती, मावशीचा नवरा बबनभाऊ. तो शहापूर-मुरबाड जीप चालवतो आणि जगातली प्रत्येक गोष्ट गाडी घ्यायची असल्यासारखी बघतो.

* * *

कोर्सची चौकशी करायला तो माझ्याकडे आला. फीचा आकडा ऐकला. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "सिस्टर, कुनी दोन वर्सं करून सोडलेला नसंल काय?"

"म्हणजे?"

"अर्धे हप्ते भरलेली गाडी मिळते ना, तसा. उरलेलं वर्स आमची ज्योती भरून टाकंल!"

शिक्षण असं दुसऱ्याच्या नावावरून आपल्या नावावर करता येत नाही, हे मी त्याला दहा मिनिटं समजावलं.

"आरटीओत होतं," तो म्हणाला.

* * *

मग उंबरमाळीहून ज्योतीचा मामा आला. त्याचं म्हणणं, एवढ्या पैशात पोरीची हळद होईल. मटण, डीजे, सगळा गाव नाचेल!

मावशी म्हणाली, "नाचंल ना. आनि दुसऱ्या दिवसापासून डीजे घरात पगार आनंल काय रे?"

मामा खरंच विचारात पडला. "इकत घेतला तर आनंल," म्हणाला.

पुढचे दोन दिवस बबनभाऊ जुन्या डीजेच्या किमती विचारत फिरत होता.

* * *

वाशिंदहून एक स्थळही आलं. मुलगा कंपनीत. मावशीने आग्रहाने बोलावलं म्हणून मीही गेले होते. मुलाचे वडील अगदी समजूतदार. "पोरीला शिकवा, आमचा इरोध नाय. फी तुमी भरा. कोर्स झाला का लगीन उरकू, पगार मंग आमच्या घरात."

बबनभाऊ ताडकन उठला. "म्हंजे डिझेल मी टाकायचं आनि भाडं तुमी घ्यायचं?"

मावशीने पोह्यांच्या बशा अर्ध्यातच उचलल्या. मुलाच्या तोंडात होता तेवढा घास त्याला मिळाला.

* * *

शेवटी बबनभाऊने ठरवलं की धंदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. दवाखान्याच्या बाकड्यावर वही घेऊन दिवसभर बसला. मी पेशंटकडे गेले की एक रेघ. संध्याकाळी थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसला.

"साहेब, सिस्टरच्या एकशेबारा फेऱ्या झाल्या! तुमी भाडं देताय तीस फेऱ्यांचं!"

डॉक्टरांनी वही चाळली, मिटली आणि मला म्हणाले, "सिस्टर, या गृहस्थांना पुन्हा आत सोडू नका."

मला हसू आवरेना. पण बाहेर येऊन तो मावशीला म्हणाला, "एवढं पळून एवढंच? माजी पोरगी तोट्यात पळनार नाय." मावशीचा चेहरा उतरला. त्या दिवशी मला त्याचा आणि त्याच्या वहीचा मनापासून राग आला.

* * *

अ‍ॅडमिशनचा शेवटचा दिवस उजाडला. पाच वाजता कॉलेजची खिडकी बंद होणार. घरात पैसे होते, पण ते बबनभाऊने दुसरी जीप घ्यायला साठवलेले. सकाळी मावशीने विचारलं, तर "बघू" म्हणाला आणि गाडी घेऊन निघून गेला. मावशी रडून सुजलेल्या डोळ्यांनी ड्युटीवर आली.

आता बबनभाऊचा नियम सांगते. दहा शिटा भरल्याशिवाय त्याची जीप स्टँडवरून हलत नाही. सख्ख्या सासऱ्याच्या दहाव्याला जातानाही त्याने वाटेत चार शिटा घेतल्या होत्या. त्यातले दोघं तिथेच जेवून गेले!

साडेतीनला दवाखान्याचा फोन वाजला. स्टँडवरचा दुसरा जीपवाला होता, पार घाबरलेला. "सिस्टर, बबनच्या घरातलं कोन गेलं काय? गाडी रिकामी सोडलीय मुरबाडला! रस्त्यात मानसं हात करतात, थांबत नाय! पुढं नुसती ज्योती बसलीय!"

"कोणी गेलं नाही हो," मी म्हटलं. "तिचं अ‍ॅडमिशन आहे."

तिकडून आवाज आला, "मंग मागच्या शिटांनी काय घोडं मारलंय?"

मी फोन ठेवला आणि मावशीला सांगितलं. ती पाच नंबरच्या खाटेवरची चादर बदलत होती. तिला पटेचना.

"नऊच्या नऊ शिटा रिकाम्या?"

"नऊच्या नऊ."

मावशी त्या धुतलेल्या चादरीवर स्वतःच आडवी झाली आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"सिस्टर, माजं बीपी बघा जरा."