जाऊबाईंची झालर

माझ्या मोठ्या जाऊबाईंना उघडी वस्तू बघवत नाही. मिक्सर, टीव्ही, रिमोट, सगळ्यांना त्यांनी झालरीची कव्हरं शिवली आहेत. भावजी दुपारी डुलकीसुद्धा जपूनच काढतात.

यंदा उन्हाळ्यात त्यांचा एसी सारखा बंद पडू लागला. जाऊबाई लोकांच्या पांढऱ्या रेशमावर भरतकाम करतात. घामाचा एक डाग पडला की काम वाया.

"दर महिन्याला जाळी धुते मी. एवढी बडदास्त तर तुमचीही ठेवत नाही," त्या म्हणाल्या.

"ते दिसतंच आहे," भावजी म्हणाले.

मेकॅनिक आला. जाळी खरंच लखलखीत होती. मग तो गॅलरीत गेला.

"ताई, बाहेरच्या युनिटला हे काय घातलंय?"

"धूळ बसू नये म्हणून कव्हर. आतून अस्तरही आहे."

"अहो, खोलीतली गरमी ते इथून बाहेर टाकतं. असं कोंडलंत तर कॉम्प्रेसरच जाईल."

जाऊबाईंनी कव्हराच्या नाड्या सोडल्या. खोली गार झाली, पण एवढी झालर फुकट गेल्याने त्यांचा जीव हळहळत होता. तेवढ्यात त्यांचं लक्ष मेकॅनिकच्या उघड्या हत्यारपेटीकडे गेलं.

"बसा जरा," टेप काढत त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी थोडं आत घेतलं की होईल."