बॉनेटवरचं रक्त

पोशेऱ्याच्या त्या म्हाताऱ्याचं नाव केसपेपरवर मीच लिहायचो, तरी आज आठवत नाही. जव्हारच्या दवाखान्यात मी रक्त काढायचो. त्याची लघवी तुंबायची. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते तपासायला बाटली एस्टीने नाशिकला जायची. उष्णतेने ते प्रथिन नासतं असं पुस्तकात होतं, आणि पुस्तक कपाटात होतं. रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, वय झालं, दुसरं काही नाही."

म्हातारा कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. बसलं की त्याला दुखायचं.

"सायेब, त्या दिशी मी त्याच गाडीनं घरा गेलो. माझं रगत डायवराच्या बाजूला बॉनेटवर ठेवलेलं. हात लावला तं चटका बसला. ह्यो रिपोट बॉनेटचा हाय, माझा नाय."

डॉक्टर हसले. मीही हसलो, कारण बाटली तिथे मीच ठेवली होती.

त्याची जिरवायची म्हणून पुन्हा रक्त घेतलं आणि थर्मासात बर्फ घालून पाठवलं. आकडा चांगलाच चढून आला. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'आठ दिवसांत आजार झपाट्याने वाढला.' त्याखाली मी लिहिलं, 'नमुना दोन्ही वेळा नीट पाठवला.'